शाळेतले जेवण आणि घरचा डबा : मुलांच्या दुपारच्या आहाराबाबत पालकांसाठी माहिती

तुमचे मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या वर्गात शिकत असेल, तर शाळेच्या प्रत्येक दिवशी एक वेळचे शिजवलेले जेवण त्याला मोफत मिळाले पाहिजे. ही कोणाची मेहेरबानी नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ५ नुसार तो मुलाचा हक्क आहे. असे असूनही अनेक घरांत या जेवणाबद्दल दोन टोकांची समजूत दिसते. काही पालकांना वाटते की शाळेत खायला मिळते, तेव्हा घरून काही द्यायला नको. काहींना वाटते की शाळेची खिचडी गरिबांसाठी असते, म्हणून ते मुलाला ती खाऊच देत नाहीत आणि हातावर पाच रुपये ठेवतात. दोन्हींत तोटा मुलाचाच होतो. शाळेत काय आणि किती मिळाले पाहिजे, रेशनच्या धान्यातून चांगला डबा कसा करता येतो आणि जेवण बंद पडले तर काय करायचे, याची माहिती या लेखात दिली आहे.

योजना कोणती आणि कोणासाठी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने शाळकरी मुलांसाठी ही योजना सुरू केली. तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांना कोरडे धान्य घरी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवणच द्यावे असा आदेश दिला आणि शाळाशाळांत चुली पेटल्या. बरीच वर्षे ही योजना ‘मध्यान्ह भोजन’ म्हणून आणि महाराष्ट्रात ‘शालेय पोषण आहार’ म्हणून ओळखली गेली. सप्टेंबर २०२१ पासून तिचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’, म्हणजेच पीएम पोषण असे आहे. गावात अजूनही लोक तिला खिचडीच म्हणतात. तसे म्हणायला हरकत नाही, फक्त ताटात रोज नुसती खिचडीच नसावी.

लाभ पहिली ते आठवीच्या मुलांना मिळतो. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांना जोडलेल्या बालवाटिकेतील मुलेही आता या योजनेत आहेत. त्यासाठी रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा दाखला लागत नाही. आधार क्रमांक नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट केले आहे. विनाअनुदानित खासगी शाळा आणि नववीच्या पुढचे वर्ग केंद्राच्या योजनेत येत नाहीत. तिथे घरचा डबा हाच आधार असतो.

काही राज्ये स्वतःच्या पैशातून यात भर घालतात. तमिळनाडूत जेवणासोबत अंडे मिळते आणि १५ सप्टेंबर २०२२ पासून तिथे प्राथमिक वर्गांसाठी सकाळचा नाश्ताही सुरू झाला. कर्नाटकात मुलांना दूध दिले जाते. त्यामुळे कामानिमित्त तुम्ही दुसऱ्या राज्यात राहत असाल, तर तिथल्या शाळेत काय काय मिळते हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या. भाषा वेगळी असली तरी मुलाचा हक्क तोच आहे.

ताटात किती पडले पाहिजे

पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. पण कॅलरी डोळ्यांना दिसत नाहीत. पालकांनी कच्च्या मालाचे माप लक्षात ठेवावे, ते सोपे आहे.

प्राथमिकच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी (पालेभाजीही त्यातच) आणि ५ ग्रॅम तेल. उच्च प्राथमिकसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. मीठ-मसाला गरजेप्रमाणे.

आता याचा हिशेब करून बघा. पहिली ते चौथीच्या शाळेत आज ६० मुले हजर असतील, तर पातेल्यात ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ, ३ किलो भाजी आणि ३०० ग्रॅम तेल गेले पाहिजे. ६० मुलांच्या शाळेत एक पाव डाळ आणि दोन कांदे शिजत असतील, तर ते बघणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल. त्यासाठी आहारतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

डाळीवर इतका भर का, तर शंभर ग्रॅम तांदळातून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि वीस ग्रॅम डाळीतून साधारण साडेचार-पाच. दोन्ही मिळून बारा होतात. डाळ निम्मी केली की पोट तेवढेच भरलेले वाटते, पण वाढीला लागणारा भाग कमी होतो. मूल तक्रारही करत नाही, कारण त्याला भूक लागलेली नसते. म्हणून मुलाला ‘जेवलास का?’ एवढेच विचारू नका. ‘आज डाळ कसली होती? भाजी होती का?’ असे विचारा.

धान्य केंद्राकडून मोफत येते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठीचा खर्च केंद्र व राज्य मिळून करतात. १ मे २०२५ पासून हा दर बालवाटिका व प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे आहे. ही रक्कम मोठी नाही हे स्वयंपाक करणारी कोणतीही बाई सांगेल. म्हणूनच योजनेत शाळेच्या परसबागेला आणि ‘तिथी भोजना’ला जागा ठेवली आहे. वाढदिवस, लग्न किंवा सणाच्या निमित्ताने गावकऱ्यांनी मुलांना एखादे विशेष जेवण, फळ किंवा गोड पदार्थ द्यावा, असे हे तिथी भोजन. परसबागेत शेवग्याचे एक झाड लावले तरी त्याचा पाला वर्षातले बरेच महिने डाळीत पडतो.

जेवण वाढण्याआधी शिक्षकाने ते चाखून बघणे बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकही आळीपाळीने चव घेऊ शकतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तुम्ही समितीत असाल तर महिन्यातून एक-दोनदा जेवणाच्या सुट्टीत शाळेत जा. नोंदवही मागून बघा. सगळी मुले एकत्र बसून जेवतात का, हेही बघा. जातीवरून पंगत वेगळी करणे किंवा स्वयंपाकिणीच्या जातीवरून मुलाला जेवू न देणे चालणार नाही. स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे.

मग डबा कशाला?

सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १७०० कॅलरी लागतात. शाळेच्या जेवणातून त्यातला चौथा भाग येतो. बाकीचे तीन भाग घरीच भरायचे असतात. मोठ्या सुट्टीतले जेवण दुपारी मिळते. सकाळी चहात बुडवलेली खारी खाऊन निघालेले मूल तोपर्यंत उपाशीच असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या तासाला त्याचे लक्ष फळ्यावर राहत नाही. छोट्या सुट्टीत खायला एक लहान डबा दिला की हा मधला वेळ निघतो. शाळेचे जेवण चांगले असेल तिथे डब्यात खाऊपुरते द्यावे. शाळेत जेवण मिळत नसेल तिथे पूर्ण जेवणाचा डबा लागेल.

चहाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह शरीराला नीट मिळू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू याच्या उलट काम करतात. शाळकरी मुलांना, विशेषतः वयात येणाऱ्या मुलींना, सकाळी चहाऐवजी नाचणीचे सत्त्व, पेज किंवा नुसती भाकरी-चटणी दिली तर ती केव्हाही बरी.

रेशनच्या धान्यातून डबा

प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळते आणि अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. घरात चार नावे असतील तर महिन्याला वीस किलो. धान्याचा खर्च वाचतो तो पैसा डाळ, शेंगदाणे, अंडी आणि भाजीकडे वळवावा. आमच्या मते डब्याच्या बाबतीत हाच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, कारण गहू-तांदळाने पोट भरते, पण रेशनच्या पिशवीत प्रथिने फारशी येत नाहीत.

स्वस्तात प्रथिने कुठून आणायची? मूठभर, म्हणजे साधारण तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात-साडेसात ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम. फुटाणे, मटकी, चवळी, हरभरा, मसूर ही सगळी डब्यात जाणारी कडधान्ये आहेत आणि भिजवून मोड आणली की ती फुगून डोळ्यांनाही भरपूर दिसतात. सोयाबीनच्या वड्या यांत सगळ्यात स्वस्त पडतात. त्यांची चव मुलांना आवडत नाही म्हणून लोक सोडून देतात. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळाव्या, मिक्सरमधून किंवा पाट्यावर भरड करून थालीपिठाच्या पिठात किंवा पोह्यांत घालाव्या. मग त्या ओळखूही येत नाहीत.

ज्वारी, बाजरी, नाचणी जिथे परवडते तिथे आठवड्यातून निदान तीन दिवस द्यावी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच तांदळात दहा मिलिग्रॅमच्या आसपास. दूध विकत घेणे जमत नसलेल्या घरात नाचणीला पर्याय नाही.

रेशनच्या तांदळात काही दाणे थोडे वेगळे, जास्त पांढरे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात. हा प्लास्टिकचा तांदूळ आहे अशी अफवा बऱ्याच गावांत पसरली होती आणि बायका ते दाणे निवडून टाकत. ते पोषणयुक्त केलेले दाणे असतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून ते बनवतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात साध्या तांदळात घालतात. ते टाकू नका, तांदूळ फार चोळून धुऊ नका आणि भाताचे पाणी ओतून देऊ नका. घरात कोणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तर हा तांदूळ आणि लोहाच्या गोळ्या यांबद्दल आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आठवडाभर डब्यात काय द्यावे

खाली दिलेले पदार्थ उदाहरणादाखल आहेत. तुमच्या भागात जे पिकते आणि बाजारात त्या दिवशी जे स्वस्त असते त्याप्रमाणे बदल करावा.

सोमवारी गव्हाच्या पोळीला शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी तेल लावून पसरावी, वर किसलेले गाजर किंवा काकडी घालून पोळीची घट्ट गुंडाळी करावी आणि तिचे दोन तुकडे करावे. मुलांना पोळी-भाजी वेगवेगळी खाण्यापेक्षा अशी सुरळी हातात धरून खायला आवडते. सुट्टी दहा मिनिटांची असते आणि खेळायचेही असते, हे त्यामागचे खरे कारण. मंगळवारी मटकीची सुकी उसळ आणि ज्वारीची भाकरी. भाकरी डब्यात कडक होते, म्हणून पीठ गरम पाण्यात उकड काढून मळावे आणि भाकरी लहान, पातळ थापावी. बुधवारी कांदेपोहे, पण त्यात मूठभर शेंगदाणे, वाटाणे किंवा भिजवलेली मूगडाळ आणि वरून लिंबू. नुसते पोहे म्हणजे नुसता तांदूळच. गुरुवारी थालीपीठ किंवा मराठवाड्याकडचे धपाटे. यात दुधी, मेथी, कोथिंबीर, कांदा, काहीही किसून-चिरून जाते आणि भाजी खात नाही अशी तक्रार असलेल्या मुलाच्या पोटात ती न सांगता पोहोचते. शुक्रवारी उकडलेले अंडे आणि पोळी. अंडे कवचासकट द्यावे, ते सोललेल्यापेक्षा चांगले टिकते आणि सोलायला मुलांना मजा येते. अंडी न खाणाऱ्या घरात बेसनाचे धिरडे, त्यात पालक किंवा तांदुळजा. शनिवारी सकाळची शाळा असते तिथे घाई असते, तेव्हा शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि एक केळे किंवा पेरू पुरे.

विदर्भात वाळवलेला हरभऱ्याचा पाला घरात असतो, कोकणात नाचणीचे आंबोळे-घावन होतात, डोंगराळ भागात रानभाज्या मिळतात. हे पदार्थ डब्यात देताना अनेक आयांना संकोच वाटतो. दुकानातले बिस्किट दिले की मुलाकडे लोक चांगल्या नजरेने बघतील असे वाटते. पोषणाच्या बाबतीत मात्र बिस्किटाचा पुडा म्हणजे मैदा, साखर आणि तेल. त्याच पैशांत आलेले शेंगदाणे-गूळ दोन-तीन दिवस पुरतात. वेफर्स, तळलेली पाकिटे आणि थंड पेये यांसारखे जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. फाटकासमोरच्या टपरीबद्दल शाळा व्यवस्थापन समितीत बोलताना तो सांगावा.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. कूट करून द्यावे.

डबा उरून परत येतो तेव्हा

मुलाला रागावण्याआधी कारण शोधा. बहुतेक वेळा ते चवीचे नसते. डब्याचे झाकण त्याला उघडत नसेल. भाजीचे पाणी पोळीत उतरून लगदा झाला असेल. सुट्टी लहान असेल आणि तुम्ही तीन पोळ्या दिल्या असतील. शेजारच्या मुलाने भाकरीला हसून काही म्हटले असेल आणि तुमच्या मुलाने त्या दिवसापासून डबा दप्तरातून बाहेरच काढला नसेल. हे शेवटचे कारण मुले घरी सांगत नाहीत. डबा सलग तीन-चार दिवस तसाच आला, तर वर्गशिक्षकांशी शांतपणे बोला. वर्गात सगळ्यांनी डबे गोलात मांडून थोडे थोडे वाटून खाण्याची पद्धत ज्या शिक्षकांनी लावली आहे, तिथे भाकरीला उलट मागणी येते.

मुलाला डब्याच्या कामात घ्या. शेंगा सोलणे, मटकीला मोड आले का बघणे, लाडू वळणे ही पाच-सहा वर्षांच्या मुलाला जमणारी कामे आहेत. स्वतः वळलेला वाकडातिकडा लाडू मूल टाकून देत नाही. रंगाचीही मदत घ्या. कणकेत बीट किसून घातले की पोळी गुलाबी होते, पालक वाटून घातला की हिरवी, आणि वाटीने कापलेल्या लहान गोल पोळ्या मोठ्या पोळीपेक्षा आधी संपतात. यासाठी वेगळा खर्च येत नाही. मुलगा आणि मुलगी यांच्या डब्यात मात्र फरक करू नका. अंडे एकच असेल तर ते अर्धे-अर्धे द्या.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात डबा टिकण्यासाठी स्टीलचा डबा चांगला. गरम पदार्थ प्लास्टिकच्या डब्यात भरू नये. पदार्थाची वाफ जाऊ द्यावी आणि मगच झाकण लावावे, नाहीतर आत पाणी सुटून अन्न लवकर आंबते. डबा सकाळी ताजा करून द्यावा. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली तरी तो सुरक्षित होत नाही. त्यातले विष उकळूनही जात नाही, म्हणून असा भात डब्यात नको. दही-भात, ओल्या नारळाची चटणी आणि उकडलेला बटाटा उन्हाळ्यात टाळावा. सोबत पाण्याची बाटली द्यावी. शाळेत स्वच्छतागृह नीट नाही म्हणून अनेक मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. तसे असेल तर तो प्रश्नही समितीपुढे मांडा.

लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या

शाळेत आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक ॲसिडची गोळी मिळते. लहान वर्गांतल्या मुलांसाठी ती गुलाबी असते, सहावीपासून पुढच्यांसाठी निळी. ती मोफत असते आणि जेवणानंतरच घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर मळमळते आणि मग मुले ती खिडकीतून टाकतात. गोळीनंतर शौचाचा रंग काळपट होणे साधी गोष्ट आहे, घाबरू नका. जंतांची गोळी राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास देतात. पोटात जंत असतील तर कितीही चांगला डबा दिला तरी मुलाच्या अंगाला लागत नाही. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

कामासाठी गाव सोडताना

ऊसतोडणी, वीटभट्टी किंवा बांधकामासाठी कुटुंब गाव सोडते तेव्हा मुलाचे जेवण दोन्हीकडे तुटते. असे होऊ नये यासाठी दोन गोष्टी करा. पहिली, जाण्यापूर्वी शाळेतून दाखला किंवा महाराष्ट्रात मिळणारे शिक्षण हमी कार्ड घ्या. घ्यायचे राहून गेले तरी चिंता नको. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. मूल ज्या दिवशी त्या शाळेत बसेल, त्या दिवसापासून तिथले जेवण त्याचे. दुसरी गोष्ट, एक देश एक रेशनकार्ड योजनेखाली तुमच्या जुन्याच शिधापत्रिकेवर देशात कुठेही धान्य घेता येते. वाट्यातले काही धान्य तुम्ही कामाच्या ठिकाणी उचलू शकता आणि उरलेले गावी राहिलेले आजी-आजोबा घेऊ शकतात. नवीन कार्ड काढण्याची गरज नसते.

जेवण बंद पडले तर

धान्य आले नाही, गॅस संपला, स्वयंपाकीण आली नाही, बचत गटाचे बिल थकले, अशी कारणे शाळेत सांगितली जातात. ती खरीही असतात. पण मध्यान्ह भोजन नियम, २०१५ यांत त्यावर तरतूद आहे. धान्य किंवा पैसे तात्पुरते कमी पडले तर मुख्याध्यापकांना शाळेकडे असलेल्या दुसऱ्या निधीतून जेवण चालू ठेवण्याचा अधिकार आहे. तरीही कोणत्याही कारणाने शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर राज्य सरकारने त्या दिवसांचा अन्न सुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. या भत्त्यात मुलाच्या वाट्याचे धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम दोन्ही येतात. सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळाले नाही, तर जबाबदार व्यक्ती ठरवण्याची कारवाई राज्याने करायची असते.

मुलाने स्वतःहून जेवण नाकारले असेल तर भत्ता मिळत नाही. जेवण निकृष्ट होते एवढ्या कारणावरूनही भत्ता मागता येत नाही. त्याची तक्रार वेगळी करावी लागते. जेवणानंतर मुलांना उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर आधी आरोग्य केंद्र गाठा आणि उरलेले अन्न फेकू देऊ नका, तपासणीसाठी त्याची गरज असते.

तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे करावी. दाद मिळाली नाही तर तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, पुढे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याच्या निर्णयावर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. रेशनबद्दलच्या तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

तोंडी तक्रार हवेत जाते. अर्ज साध्या कागदावर चालतो, शब्द असे असावेत :

‘मा. मुख्याध्यापक यांस. माझा मुलगा/मुलगी (नाव) आपल्या शाळेत इयत्ता (…) मध्ये शिकतो/शिकते. दिनांक (…) ते (…) या काळात शाळा सुरू असताना एकूण (…) दिवस दुपारचे जेवण देण्यात आले नाही. मध्यान्ह भोजन नियम, २०१५ नुसार या दिवसांचा अन्न सुरक्षा भत्ता, म्हणजे धान्य व शिजवण्याच्या खर्चाची रक्कम, माझ्या पाल्यास मिळावी आणि जेवण तातडीने सुरू करावे, ही विनंती.’

खाली तारीख, सही किंवा अंगठा आणि राहण्याचे ठिकाण लिहावे. इतर पालकांच्याही सह्या घ्याव्या, एकट्या घरावर रोष येत नाही. अर्जाच्या दोन प्रती कराव्या, एक शाळेत द्यावी आणि दुसरीवर शिक्का व तारखेसह पोच घेऊन ती घरी जपून ठेवावी.